लष्करी पदके : घडणीतील भेद व त्यांची ओळख

लष्करी पदके : युद्धातील सहभाग, शौर्य वा दीर्घ सेवा यांची खूण म्हणून शासनाने सैनिकास दिलेले, धातूचे व फितीला अडकवून छातीवर लावावयाचे चिन्ह म्हणजे लष्करी पदक होय. एकाच नावाची व एकाच नमुन्याची पदके वरवर सारखी दिसत असली, तरी ती सर्वस्वी एकसारखी नसतात. टांकसाळ, ठसा, धातू, फितीला अडकविण्याची रचना आणि कडेवरील लेख यांत त्यांच्यामध्ये फरक आढळतो. या फरकांना घडणभेद असे म्हणता येईल. संग्राहक त्यांचा विचार बहुधा किंमत ठरविण्यासाठी करतो. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र घडणभेद हा एक पुरावा असतो. पदक कोठे तयार झाले, केव्हा तयार झाले आणि कोणत्या दर्जाच्या माणसास दिले गेले, हे त्यावरून कळते. ज्या प्रदेशात सामान्य सैनिकाचे अन्य लेखी अवशेष क्वचितच उरले आहेत, तेथे या पुराव्याचे मोल विशेष आहे. मराठवाडा हा असाच एक प्रदेश आहे.

पार्श्वभूमी : नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, बीड, जालना, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. निजामाच्या खर्चाने उभारलेल्या व ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेच्या छावण्या हिंगोली, जालना, औरंगाबाद व मोमिनाबाद (आंबेजोगाई) येथे होत्या. १८५३ च्या तहानंतर ही फौज ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९०३ मध्ये तिच्या पलटणी व रिसाले भारतीय सैन्यात सामील करण्यात आले. पलटणींना ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले व रिसाल्यांना डेक्कन हॉर्स, गॉर्डन्स हॉर्स अशी नावे मिळाली. १९२२ च्या पुनर्रचनेत या पायदळाच्या परंपरेतून १९ वी हैदराबाद रेजिमेंट निघाली आणि १९४५ मध्ये तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट असे झाले. यांशिवाय निजामाचे स्वतःचे संस्थानी लष्कर होते. त्यातील लान्सर्स पथक पहिल्या महायुद्धात पंधराव्या इंपीरियल सर्व्हिस घोडदळ ब्रिगेडमधून ईजिप्त व पॅलेस्टाइन येथे लढले, तर दुसऱ्या महायुद्धात हैदराबादची पहिली पायदळ पलटण डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य मलायात उतरले तेव्हा कोटा बारू येथे होती. त्यामुळे मराठवाड्याशी संबंधित पदकांत मध्य हिंदुस्थान, ब्रह्मदेश, चीन, मेसोपोटेमिया, पॅलेस्टाइन व मलाया अशा दूरदूरच्या रणभूमींची पदके येतात.

घडण : पदक बहुधा पाडलेले असते, म्हणजे पोलादी ठशांच्या जोडीत धातूची चकती ठेवून व तीवर मोठा दाब देऊन त्याचे दोन्ही पृष्ठभाग उठविलेले असतात. नंतर त्यास पंजासारखा जोड बसवून त्यात आडवी दांडी अडकवितात. दांडीतून रेशमी फीत ओवतात. ज्या विशिष्ट लढाईत वा मोहिमेत सैनिकाने भाग घेतला, तिचे नाव असलेली धातूची पट्टी दांडीच्या वर बसवितात. शेवटी कडेवर सैनिकाचे नाव घालतात. या प्रत्येक टप्प्यावर भेद निर्माण होऊ शकतो. ठसा झिजला वा तडकला, की नवा करावा लागतो व त्यात एखादी रेघ वा अक्षर बदलते. एका टांकसाळीला काम पुरे होईनासे झाले, की ते दुसरीकडे सोपवितात व तेथील कारागीर आपल्या पद्धतीने जोड बसवितात.

अशा भेदांची मराठवाड्यातील वाचकास परिचित असलेली उपमा हाली शिक्का रुपयाची आहे. चारमिनारच्या छापाच्या या रुपयावर मधल्या दरवाजात राज्यकर्त्याच्या नावाचे आद्याक्षर असे. मीर महबूब अलीखान यांच्या रुपयावर ‘मीम’ आणि १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अलीखान यांच्या रुपयावर ‘ऐन’ हे अक्षर आढळते. उस्मान अलीखान यांच्या आरंभीच्या रुपयांवर हे ‘ऐन’ अपुरे व लहान असून नंतरच्या रुपयांवर ते पूर्ण व ठळक आहे. अक्षरातील एवढ्याशा फरकावरून रुपया कोणत्या ठशाचा हे सांगता येते. पदकांच्या बाबतीतही हीच रीत लागू पडते.

टांकसाळीनुसार भेद : एकच पदक दोन टांकसाळींत पाडल्याचे जुने उदाहरण म्हणजे श्रीरंगपट्टणचे पदक होय. ४ मे १७९९ रोजी टिपू सुलतानाचा पाडाव झाला. त्या मोहिमेत निजामाची फौज ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने होती. या विजयाच्या पदकाचा नमुना कॉनराट हाइनरिख क्यूक्लर याने तयार केला. त्याच्या दर्शनी बाजूवर वाघाला नमविणारा सिंह व मागील बाजूवर किल्ल्यावरील हल्ल्याचे दृश्य आहे. बर्मिंगहॅमजवळील सोहो टांकसाळीतील पदकांचा व्यास सु. ४८ मिमी., तर कलकत्त्याच्या टांकसाळीतील पदकांचा सु. ४५ मिमी. आहे. त्यामुळे केवळ आकार लहान म्हणून ते पदक बनावट ठरत नाही. पदकासोबत फीत वा दांडी अधिकृतपणे दिलेली नसल्याने प्रत्येकाने ती आपापल्या सोयीने बसवून घेतली. त्यामुळे या पदकाच्या अडकविण्याच्या रचनेत एकरूपता नाही.

दुसरे उदाहरण १९०८ च्या इंडिया जनरल सर्व्हिस पदकाचे आहे. मागील बाजूवर जमरूदचा किल्ला असलेले हे पदक लंडनच्या रॉयल मिंटमध्ये व कलकत्त्याच्या टांकसाळीतही तयार होई. लंडनच्या पदकाचा पंजा नक्षीदार, तर कलकत्त्याच्या पदकाचा साधा असतो. भारतीय सैनिकाच्या घरी साधा पंजा असलेले पदक आढळल्यास तो दोष किंवा दुरुस्ती समजू नये. ती कलकत्त्याच्या घडणीची खूण होय.

ठशांतील भेद : इंडिया जनरल सर्व्हिस पदक १९०८ ते १९३५ या काळातील मोहिमांसाठी दिले गेले. या अवधीत त्याची दर्शनी बाजू तीनदा निराळी झाली. प्रथम सातव्या एडवर्डची प्रतिमा आली. नंतर ‘कैसर-इ-हिंद’ हे बिरुद असलेली पाचव्या जॉर्जची प्रतिमा आली. शेवटी त्याच राजाची, पण भारताचा सम्राट या अर्थाचे लॅटिन बिरुद असलेली प्रतिमा आली. म्हणून पट्टीवरील मोहीम आणि दर्शनी बाजूवरील राजाचे बिरुद यांचा मेळ बसतो की नाही, हे पाहणे ही पहिली कसोटी ठरते. १८९५ च्या इंडिया पदकावर व्हिक्टोरिया राणीच्या वेळी मागील बाजूस ‘१८९५’ हे वर्ष होते. एडवर्डच्या काळात १९०१-०२ च्या वझिरीस्तान मोहिमेसाठी तेच पदक देताना ते वर्ष गाळण्यात आले.

अधिक सूक्ष्म भेद ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकात आढळतो. हे पदक १८५१ मध्ये, म्हणजे मूळ लढायांनंतर कित्येक दशकांनी मंजूर झाले व ते केवळ हयात असलेल्या अर्जदारांनाच मिळाले. एकंदर पदके सु. ४,५०० च भरली. त्याच्या मागील बाजूस विजयदेवतेच्या बैठ्या आकृतीखाली ‘१७९९-१८२६’ ही वर्षे आहेत. या दोन वर्षांमधील आडवी रेघ काही पदकांवर आखूड, तर काहींवर लांब आहे. हे दोन वेगळ्या ठशांचे काम होय.

या पदकाच्या पट्ट्या महाराष्ट्राच्या इतिहासाशी निगडित आहेत. असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, कोरेगाव, सीताबर्डी व नागपूर ही नावे त्यांवर कोरलेली आढळतात. असई हे गाव जालना जिल्ह्यात असून तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी इंग्रजांची लढाई झाली. पट्टीवरील रोमन अक्षरांत या नावाची वर्तनी आजच्याहून वेगळी आहे : दोन ‘एस्’ अक्षरांनंतर लगेच ‘वाय्’ येते, मध्ये ‘ए’ नाही. आजच्या प्रचलित वर्तनीची पट्टी दिसली, तर ती मागाहून केलेली समजावी.

नांदेड जिल्ह्याशी संबंधित एक उदाहरण याहून बोधप्रद आहे. हदगाव परिसरातील नव्हा येथील गढीत नोवसाजी नाईक यांच्या पक्षाच्या लोकांनी निजामाच्या फौजेस जानेवारी १८१९ मध्ये निकराने तोंड दिले. हा वेढा यशस्वी झाल्याबद्दल निजामाच्या फौजेतील पलटणींना ‘नव्हा’ हा रणसन्मान मिळाला व तो पुढे कुमाऊँ रेजिमेंटच्या परंपरेत आला. रणसन्मान मात्र पलटणीस मिळतो, व्यक्तीस नव्हे. ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाच्या एकवीस पट्ट्यांत ‘नव्हा’ नाही. तेव्हा त्या नावाची पट्टी असलेले पदक कोणी दाखविले, तर ते पाहताक्षणी अग्राह्य ठरते. वेढ्यात लढलेल्या शिपायांच्या छातीवर त्या लढाईची कोणतीही खूण या पदकाने दिली नाही आणि गढीत पडलेल्यांची नोंद तर कोणत्याच पदकावर होणे शक्य नव्हते, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

धातू व दर्जा : पदकाचा धातू हा अनेकदा दर्जाचा निदर्शक असतो. श्रीरंगपट्टणचे पदक सेनानी व मान्यवरांसाठी सोन्याचे, वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचे, कनिष्ठ अधिकाऱ्यांसाठी चांदीचे, त्याखालच्यांसाठी काशाचे आणि शिपायांसाठी कथलाचे होते. कथील मऊ असल्याने शिपायाचे पदक सर्वांत जास्त संख्येने पाडले गेले, तरी चांगल्या स्थितीत ते कमीच आढळते.

१८५४ च्या इंडिया जनरल सर्व्हिस पदकापुरते पाहिल्यास, ‘ब्रह्मदेश १८८५-७’ या पट्टीपासून चांदीबरोबर काशाचीही पदके देण्यात येऊ लागली. चांदीचे पदक लढणाऱ्या सैनिकास व काशाचे पदक भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले इ. बिनलढाऊ सेवकांस मिळे. १९०० च्या चीन मोहिमेच्या पदकातही हा भेद पाळला गेला. १९०८ च्या पदकातील काशाचा प्रकार पहिल्या काही मोहिमांपुरताच राहिला. पहिल्या महायुद्धानंतरचे ब्रिटिश युद्धपदक चांदीत सु. ६५ लाख, तर काशात सु. १ लाख १० हजार दिले गेले. काशाची पदके मुख्यतः चिनी, माल्टी व भारतीय मजूर पथकांतील लोकांसाठी होती.

बाजारात धातूच्या वजनावर किंमत ठरविणाऱ्यास काशाचे पदक कवडीमोल वाटते. वस्तुतः ते संख्येने फार थोडे आहे आणि ज्याच्याविषयी सरकारी दप्तराने सर्वांत कमी लिहिले, त्या माणसाची ती नोंद आहे. उलट चांदीच्या पदकांवर निराळेच संकट आले. १९७९-८० मध्ये जगभर चांदीचे भाव चढले, तेव्हा ब्रिटनमध्येही ब्रिटिश युद्धपदके मोठ्या प्रमाणावर वितळविली गेली. घरात नड आली, की चांदी मोडणे ही आपल्याकडील जुनी वहिवाट असल्याने पदकही इतर चांदीबरोबर सराफाच्या मुशीत जाण्याची भीती नेहमीच राहते.

कडेवरील लेख : ब्रिटिश पद्धतीच्या पदकांचे वैशिष्ट्य असे, की त्यांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण यांचा उल्लेख असतो. जपानी युद्धपदकांत ही पद्धत नाही. उदा., १८९४-९५ च्या चीन-जपान युद्धाचे पदक जपानने हस्तगत केलेल्या चिनी तोफांच्या काशापासून तयार केले. त्यावर धारकाचे नाव नसते. ते सोबतच्या सनदेत असते. सनद हरवली, की जपानी पदक अनामिक होते व संग्राहकास केवळ घडणीवर विसंबावे लागते. मराठवाड्यातील सैनिकाचे पदक सनदेवाचूनही बोलू शकते. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश सैनिकांना नावाविना देण्यात आली. भारतीय सैनिकांना मात्र ती बहुधा नाव घालून मिळाली.

नाव घालण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत पोलादी अक्षरांचे ठोके देऊन नाव उमटवितात. दुसरीत ते कोरणीने कोरतात. ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकावर यूरोपीयांची नावे मोठ्या रोमन अक्षरांत उमटविलेली, तर भारतीयांची बहुधा वळणदार हस्ताक्षरात कोरलेली आहेत. भिंगातून पाहिल्यास उमटविलेल्या अक्षराच्या कडेला धातू किंचित उचललेला दिसतो. कोरलेल्या अक्षराची खाच उतरती व स्वच्छ असते. भारतीय पदकावरील कोरीव लेख म्हणजे खाजगी रीतीने घातलेले नाव, असा समज पुष्कळदा होतो, पण तो बरोबर नाही.

लेखातील तपशील कालनिर्णयास उपयोगी पडतात. ‘हैदराबाद कंटिंजंट’ असा उल्लेख असेल, तर पदक १९०३ पूर्वीच्या सेवेचे. ‘९४ रसेल्स इन्फंट्री’ असा असेल, तर १९०३ ते १९२२ या काळातील सेवेचे आणि ‘१९ हैदराबाद रेजिमेंट’ असा असेल, तर त्यानंतरचे होय. ‘सोवार’ हा हुद्दा घोडदळाचा व ‘सिपॉय’ हा पायदळाचा निदर्शक आहे. भारतीय नावे इंग्रजी लेखनिकाने ऐकून लिहिलेली असल्याने त्यांचे रोमन लेखन नेहमी एकसारखे नसते. तसेच एकाच नावाचे अनेक शिपाई एका पलटणीत असणे स्वाभाविक आहे. म्हणून ओळख पटविताना नावापेक्षा क्रमांक व पलटण यांवर अधिक भर द्यावा लागतो.

स्वातंत्र्योत्तर पदके : १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादविरुद्धची पोलीस कारवाई सुरू झाली. त्या दिवशी आजच्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गजवळ दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तरसिंग यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र (वर्ग १) देण्यात आले. हे पदक १९५२ मध्ये सुरू झाले असले, तरी ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आले होते. त्याचे तीन वर्ग होते. १९६७ मध्ये दुसऱ्या वर्गास कीर्ती चक्र व तिसऱ्यास शौर्य चक्र ही नावे मिळाली. त्यापूर्वीच्या तिन्ही वर्गांच्या मागील बाजूस ‘अशोक चक्र’ हेच शब्द हिंदीत व इंग्रजीत असून वर्गाचा उल्लेख नाही. वर्ग ओळखण्यासाठी धातू व फीत पाहावी लागते. पहिला वर्ग सोन्याच्या मुलाम्याचा, दुसरा चांदीचा व तिसरा काशाचा आहे. गडद हिरव्या फितीवर अनुक्रमे एक, दोन व तीन केशरी रेघा आहेत. त्यामुळे १९६७ पूर्वीच्या चांदीच्या पदकावर ‘अशोक चक्र’ असे शब्द असणे ही चूक नव्हे. या पदकांचे, तसेच परमवीर चक्राचे संकल्पन महाराष्ट्राची सून झालेल्या सावित्रीबाई खानोलकर यांनी केले.

बनावट व बदललेली पदके : खऱ्या घडणभेदांपासून तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. पहिली म्हणजे ओतीव प्रतिकृती. खऱ्या पदकाचा साचा घेऊन त्यात धातू ओतल्यास तो थंड होताना आकसतो व प्रतिकृतीचा व्यास मुळाहून थोडा कमी भरतो. पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात, केस व वस्त्रांच्या चुण्या बोथट होतात आणि कडेवर जोडाची रेघ राहू शकते. दुसरी म्हणजे पुनर्मुद्रणे. कंपनीच्या काळातील काही पदके मूळ ठशांवरून कलकत्त्याच्या टांकसाळीत मागाहून पुन्हा पाडण्यात आली. ती पाडलेलीच असल्याने ओतीवपणाची लक्षणे त्यांत नसतात व जोडाच्या घडणीवरून त्यांचा उलगडा करावा लागतो. तिसरी व सर्वांत घातक गोष्ट म्हणजे नाव बदलणे. जुने नाव घासून तेथे प्रसिद्ध पलटणीचे नाव घातले, की किंमत वाढते. घासल्यामुळे कड पातळ होते. कॅलिपरने व्यास निरनिराळ्या ठिकाणी मोजल्यास नावाच्या जागी तो कमी भरतो. पट्टीच्या बाबतीत तिच्या खिळ्यांची डोकी पाहावीत. उघडून पुन्हा बसविलेल्या खिळ्यांवर ताजे ओरखडे दिसतात.

हे सर्व बदल फसवणुकीच्या हेतूनेच झालेले असतात असे नाही. नाण्यांना नाके जोडून ती गळ्यात घालण्याची चाल मराठवाड्यातील बंजारा व इतर समाजांत रूढ आहे. दांडी तुटलेल्या पदकालाही सोनाराने डाग देऊन नाके जोडलेले असू शकते. असा डाग पदकाचे बाजारमूल्य घटवितो, पण ते पदक घरात वापरले व जपले गेले, याची तो साक्ष असतो. म्हणून तो काढून टाकू नये.

जतन : पदकाची सर्वाधिक हानी स्वच्छतेच्या नावाखाली होते. चांदीची भांडी रांगोळीने व पितळेची चिंचेने घासण्याची घरगुती रीत पदकास लावल्यास प्रतिमेचे उंच भाग व कडेवरील अक्षरे झिजतात. पदक कोरड्या मऊ कापडाने पुसावे व आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवावे. मूळ फीत जीर्ण झाली, तरी ती टाकू नये. पदकाच्या दोन्ही बाजूंचे व संपूर्ण कडेचे छायाचित्र घ्यावे, वजन व व्यास लिहून ठेवावा आणि ते घराण्यात कोणाकडून आले याची नोंद करावी. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे जुन्या ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरतात व खाजगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत. पहिल्या महायुद्धाची पदके आता या मर्यादेत आली आहेत.

हदगाव, कंधार, उदगीर वा औसा भागातील एखाद्या कुटुंबाजवळ असलेल्या पदकाची पारख करताना ते चांदीचे किती भरते हा प्रश्न शेवटी विचारावयाचा असतो. त्याआधी कड वाचावी, पंजा पाहावा, पट्टी व प्रतिमा यांचा मेळ तपासावा. परक्या सत्तेच्या चाकरीत दूरदेशी गेलेल्या माणसाचे नाव, हुद्दा व पलटण यांचा गावात उरलेला एकमेव लेख अनेकदा त्या काही मिलिमीटर रुंदीच्या कडेवरच असतो. कड घासली गेली, की मागे केवळ धातू उरतो.